चार नंबरचा वारा

वर्गातला पंखा बंद पडला तर आमचे सर "वीज गेली आहे" असं कधीच म्हणायचे नाहीत. "वीज गेली हे झालं निमित्त," ते म्हणायचे. "कारण वेगळं असणार." मग ते कारण शोधायला बाहेर पडायचे आणि वर्ग घामाघूम होऊन त्यांची वाट बघत बसायचा.

ते रोह्याच्या शाळेत इतिहास शिकवायचे, मी मराठी. दोघेही पेणचे. आमच्याच शाळेतल्या गणिताच्या मॅडमही पेणच्या. त्यामुळे सरांच्या जुन्या गाडीतून आम्हा तिघांची वरात रोज वडखळ, कासू, नागोठणे असं करत रोह्याला जायची. इतिहासाच्या पुस्तकात लढाईची कारणं आणि लढाईचं निमित्त असे दोन वेगळे प्रश्न असतात. ते आपण परीक्षेपुरते पाठ करतो आणि विसरतो. सर विसरले नव्हते. त्यांचं सगळं आयुष्यच त्या दोन प्रश्नांवर चाललं होतं.

एकदा आमचे शिपाईमामा उशिरा आले. सरांनी त्यांना जिन्यातच गाठलं. "का हो मामा, उशीर?" मामा म्हणाले, सायकल पंक्चर झाली. "हे निमित्त," सर म्हणाले. पंक्चर का झाली, तर काटा लागला. काटा कुठून आला, तर कुंपणाच्या करवंदीचा. कुंपणाला करवंद कुणी लावली, तर मामांच्या आजोबांनी. आजोबांना कुंपण का घालावंसं वाटलं, इथपर्यंत चौकशी आली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की मामा जिन्यात अडकल्यामुळे तासाची घंटाच झालेली नाही. अख्खी शाळा मागच्याच तासात बसली होती. हेडमास्तरांनी सरांना बोलावून घेतलं, तर सर त्यांना म्हणाले, "घंटा झाली नाही हे निमित्त आहे, सर." पुढचं ऐकायला हेडमास्तर थांबले नाहीत.

बोलणं असं, आणि बाकी माणूस अगदी साधा. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर, पायात बारा महिने पावसाळी चपला. हायवेवरच्या खड्ड्यांना त्यांनी काळाप्रमाणे वाटून ठेवलं होतं. "सांभाळा, शिलाहार आले," असं ते म्हणाले की आम्ही समोरची कडी घट्ट धरायची, कारण तो फार जुना आणि खोल खड्डा असायचा. नुकत्याच पडलेल्या किरकोळ खड्ड्यांना ते उत्तर पेशवाई म्हणत. नवखा माणूस गाडीत बसला की त्याला वाटायचं, हे कुणा पाहुण्यांबद्दल बोलतायत.

गाडीत नियम एकच होता. एसीच्या बटणांना सरांशिवाय कुणी हात लावायचा नाही. तसा हात लावून उपयोगही नव्हता. वाऱ्याच्या बटणावर एक ते चार आकडे होते, त्यातले एक, दोन आणि तीन मेलेले होते. चार लावला की मात्र समोरच्या जाळीतून असं वादळ सुटायचं की मॅडम डोक्याला ओढणी बांधून वर तिला पिन लावायच्या. एकदा माझ्या मांडीवरची निबंधाची पानं उडून मागच्या काचेला चिकटली, ती मी नागोठण्याला उतरून गोळा केली. एप्रिल-मेमध्ये आमच्यापुढे दोनच पर्याय असायचे, उकडून निघा किंवा उडून जा.

"रेझिस्टर गेलाय," सर गाडी न उघडताच सांगायचे. वाऱ्याचा वेग कमी-जास्त करणारा तो छोटा भाग असतो म्हणे.

"मग बदलून घ्या ना," मॅडम ओढणीच्या आतून म्हणायच्या.

"का गेला ते कळल्याशिवाय बदलायचा नाही. नवाही जाईल."

"मग कधी कळणार?"

"अभ्यास चालू आहे."

हा अभ्यास काही वर्षं चालला. रोह्यातल्या एका वायरमननं एकदा समोरचा खण उघडायला हात घातला, तर सरांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मॅडमनी एकदा वैतागून रेल्वेच्या पॅसेंजरचा पास काढला होता. पण गाडीत बसून सरांचं ऐकायची आम्हाला सवय झाली होती. आठवड्याभरात त्या ओढणी बांधून परत आल्या.

माझ्या मनात सर म्हटले की एका वर्षीची गणेशचतुर्थी येते.

सरांच्या घरचा गणपती पूर्वीपासून पेणजवळच्या जोहे गावातल्या एका लहानशा कारखान्यातून यायचा. कारखाना म्हणजे घराच्या पडवीला लागून घातलेली पत्र्याची शेड. तिथे अजून पाट द्यायची पद्धत होती. आपल्या घरचा पाट आधी नेऊन ठेवायचा, त्याच पाटावर शाडूची मूर्ती घडायची आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती पाटासकट घरी आणायची. तिथला मूर्तिकार सरांचा मित्र. त्या वर्षी माघात तो अचानक गेला. त्याच्या बायकोनं, जिला आम्ही जोह्याच्या वहिनी म्हणायचो, शेड बंद केली नाही. तिनं एकटीनं माती मळायला घेतली.

लोक मात्र येऊन गुपचूप आपले पाट परत न्यायला लागले. कुणी म्हणालं, आम्ही या वर्षी मुंबईला करतोय. कुणी म्हणालं, घरच्यांना मोठी मूर्ती हवीय. खरं काय ते कुणी तोंडावर बोललं नाही. सवाष्ण नसलेल्या बाईनं डोळे काढलेला गणपती देव्हाऱ्यात कसा बसवायचा, हा प्रश्न होता. मूर्तीचं सगळं रूप डोळ्यांत असतं. ते बारीक कुंचल्यानं रेखायचं काम शेवटी करतात, त्याला आखणी म्हणतात. आखणी झाली की मूर्ती बघायला लागते, असं मानतात.

सर पेणेत घरोघर फिरले. "नवरा गेला हे निमित्त," ते प्रत्येक दारात सांगायचे. "कारण तुमच्या डोक्यात आहे. कोणतं, ते तुम्हीच सांगा." लोकांना ते सांगता येईना, तेव्हा काहींनी निव्वळ सुटका करून घ्यायला पाट दिले. मॅडमनी दिला, मी दिला. आमच्या घरी भाऊ थोडा कुरकुरला, पण सरांशी वाद घालायला तोही तयार नव्हता.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी मी आणि सर गाडी घेऊन जोह्याला गेलो. चार दिवस पाऊस खळला नव्हता आणि दोन दिवस गावात वीज नव्हती, ट्रान्सफॉर्मर उडाला होता. हॅलोजनचे मोठे दिवे लावून मूर्ती सुकवतात, ते दिवे शेडमध्ये मुके उभे होते. मोठ्या कारखान्यांचा माल कधीच बाहेर पडला होता. वहिनी एकटीच्या हातानं मागे पडल्या होत्या. मूर्ती रंगून तयार होत्या, दागिन्यांचा सोनेरी रंगसुद्धा देऊन झाला होता. फक्त डोळ्यांच्या जागा कोऱ्या होत्या.

वहिनींनी एका मूर्तीच्या गालाला करंगळी लावून आम्हाला दाखवली. करंगळीला रंग आला होता.

"वरून सुकल्यासारखा वाटतो, पण आतनं माती ओली हाय," त्या म्हणाल्या. "आता डोळं काढलं तर पसरतील. सांजच्याला लोक येतील न्यायला. कोऱ्या तोंडाचा गणपती कुणी नेल काय? मग हायच, म्हणतील, बाईमाणसाच्या हातचं काम."

त्या रडल्या नाहीत. पण पाठ वळवून त्यांनी उगाच एका मूर्तीचा पाट पुसला, तो पुसलेलाच होता. मला फार वाईट वाटलं. हे वर्ष फसलं तर पुढच्या वर्षी या शेडमध्ये एकही पाट येणार नाही, हे तिघांनाही कळत होतं.

सर शेडच्या दारात उभे राहून पावसाकडे बघत होते. मग गाडीकडे बघायला लागले. "हवा गरमही करता येते आणि त्यातलं पाणीही काढता येतं," ते म्हणाले. "हीटर आणि एसी, दोन्ही एकदम. या, पाट उचला."

गाडी मागे-पुढे करून त्यांनी तोंड शेडच्या पत्र्याखाली आणि धूर सोडणारी शेपटी बाहेर पावसात, अशी लावली. पुढच्या सीटवर आमचा गणपती बसला, मागे मॅडमचा आणि आणखी एक. सरांनी तिघांनाही पट्टे बांधले. काचा लावल्या आणि वारा सुरू केला. चार नंबरवर, दुसरा होताच कुठे? थेट वारा लागून मातीला तडा जाऊ नये म्हणून जाळ्यांची तोंडं त्यांनी छताकडे वळवली. थोड्या वेळानं गाडीच्या पोटाखालून टप टप पाणी गळायला लागलं. सर उकिडवे बसून ते पाहत राहिले.

"हे मूर्तीतलं पाणी," ते म्हणाले.

वहिनी पहिल्यांदाच हसल्या. "गणपतीला घाम फुटला, म्हना!"

पहिल्या खेपेच्या तीन मूर्ती बाहेर आल्या. वहिनींनी करंगळी लावली, ती कोरडी राहिली. त्या आखणीला बसल्या आणि आम्ही दुसरी खेप गाडीत बसवली. सगळं असं छान चाललेलं असताना गाडीतून वास आला. प्लास्टिक जळाल्याचा, नाकात बसणारा. वादळ एकदम थांबलं.

सरांनी गाडी बंद केली, बॉनेट उघडून बॅटरीची एक तार सोडवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोरचा खण काढला. आतून अभ्यासाचा विषय बाहेर आला. वाऱ्याच्या पंख्याशेजारी एक चपटा भाग होता, तो रेझिस्टर. तो धडधाकट होता. त्याच्या पिनांवर बसणारा प्लास्टिकचा प्लग मात्र मेणासारखा वितळून एका बाजूला ओघळला होता. तारांची टोकं काळी ठिक्कर पडली होती.

"पिन सैल होती," सर हळू आवाजात म्हणाले. "सैल जागी तापलं, तापून वितळलं. एक, दोन, तीन याच्यामुळेच मेले होते. रेझिस्टर बिचारा निर्दोष." इतकी वर्षं ज्याच्यावर आळ घेतला त्या रेझिस्टरची ते माफी मागतायत असं वाटत होतं.

"आता?" मी विचारलं.

"आता नवा प्लग कुठला मिळणार? उद्या चतुर्थी, गॅरेजवाले सगळे आपापल्या गावी गेलेले. तारा पिनांना थेट जोडायच्या. पण परत वितळेल असं काही लावायचं नाही."

आम्ही तिघं शेडमध्ये शोधत फिरलो. नजर शेवटी मुक्या हॅलोजनवर गेली. त्याची वायर जिथे जोडतात तिथे चिनी मातीचे कनेक्टर होते, घरी गिझरला लावतात तसले पांढरे, आत पितळ आणि वर स्क्रू. सरांनी ते काढले. मूर्ती घासायचा पॉलिश पेपर वहिनींनी दिला, त्यानं मी पिना चकाकेपर्यंत घासल्या. अडचण एकच उरली. सगळ्या तारा काजळीनं सारख्याच काळ्या झालेल्या. कापल्यावर कुठली कुठल्या पिनेची, हे कसं कळणार?

"थांबा, सर," वहिनी म्हणाल्या. त्यांनी आखणीचा कुंचला उचलला आणि कापायच्या आधीच प्रत्येक तारेवर आणि तिच्या समोरच्या पिनेशेजारी एकेका रंगाचा ठिपका दिला. सोवळ्याचा पिवळा, शेल्याचा निळा, जास्वंदीचा लाल, उंदराचा करडा. मग सरांनी वितळलेला प्लग कापून टाकला. पिवळ्याला पिवळी, निळ्याला निळी असं करत स्क्रू आवळले, तार ओढून ओढून बघितली. फ्यूज जळाला होता. मी म्हटलं, जरा जाड तार घालू का? सर माझ्यावर डाफरले. त्या एका गोष्टीत ते निमित्त-कारण काही बोलले नाहीत, सरळ डिकीतून तसाच दुसरा फ्यूज काढून लावला.

बॅटरी जोडून सरांनी बटण फिरवलं. एकवर. जाळीतून मंद, शहाण्यासारखी झुळूक आली. मग दोन, मग तीन. आम्ही दोघे मोठी माणसं त्या झुळकीसमोर आळीपाळीनं चेहरा धरून हसत सुटलो. मॅडम थोड्या वेळानं आपला गणपती न्यायला रिक्षानं आल्या. त्यांना आम्ही गाडीत बसवून दोन नंबर लावून दाखवला. त्यांनी जाळीसमोर हात धरून पाहिला. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी पिना लावत होते!"

पण दुरुस्तीत दुपार गेली होती. संध्याकाळी लोक यायला लागले तशी एकेक मूर्ती सुकवून, डोळे काढून हातात देणं चाललं. न्यायला आलेल्यांपैकी कुणीही नाक मुरडलं नाही. डोळे इतके जिवंत होते की दोघांतिघांनी तिथेच हात जोडले. शेवटी एकच मूर्ती कोऱ्या तोंडाची राहिली. ती सरांची. आपला पाट त्यांनीच मुद्दाम मागे ठेवला होता. उजेड संपत आला होता, वहिनींचे डोळे दिवसभराच्या बारीक कामानं शिणले होते.

"मी हा वाटेत सुकवत नेतो," सर म्हणाले. "उद्या सकाळी तुम्हाला न्यायला येतो. डोळे आमच्या घरी येऊन काढा."

वहिनींनी कुंचला धुवायला घेतला. मग म्हणाल्या, "घरात चालंल?"

"चालेल की," सर म्हणाले. पण पेणेला परतताना, पुढच्या सीटवर पट्ट्यात बसलेला गणपती आणि एक नंबरची झुळूक, अशा शांततेत त्यांनी आमचा गणपती मांडीवर घेऊन मागे बसलेल्या मला सांगून टाकलं. आईला त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मूर्तिकार गेला हेसुद्धा नाही. "बाबा गेल्यापासून आई प्रतिष्ठापनेला बाहेर येत नाही. स्वयंपाकघरात बसते. आम्ही सांगून थकलो. जी स्वतःलाच येऊ देत नाही, ती हिला उंबरा ओलांडू देईल? आणि आमच्या दारातून ही परत गेली, तर पेणेत पुढच्या वर्षी हिला पाट कोण देणार?" पेण पालथं घालून वाद जिंकलेला हा माणूस आईला घाबरून होता. मला हसू आलं आणि काळजीही वाटली.

"तुम्ही उद्या या," ते म्हणाले. "माझ्या बाजूनं कुणीतरी पाहिजे."

मी गेलो. आमच्याकडची पूजा भाऊच करतो. सरांच्या दिवाणखान्यात मखर सजलं होतं, मूर्तीच्या तोंडावर रेशमी रुमाल होता. गुरुजी पळी-पंचपात्र मांडून घड्याळ बघत होते, त्यांना पुढे बरीच घरं होती. सरांनी वहिनींना आणलं. त्या साध्या पांढरट लुगड्यात, कुंचल्यांचा डबा छातीशी धरून उंबऱ्याबाहेर थांबल्या. सर "या ना, या ना" म्हणत होते, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

स्वयंपाकघराच्या दारात आई आल्या. बारीक चणीच्या, मोदकाचं पीठ हाताला लागलेलं. "कोण आलंय?"

"आई, त्याचं असं झालं," सर सुरू झाले, "गावातली वीज गेली, हे एक झालं, पण त्याच्या मागे..."

"तू गप." आईंनी वहिनींकडे पाहिलं. "कोण गो तू?"

"जोह्याची. तुमचा गनपती आमच्याकडचाच असतो."

"तुझा माणूस नाय आला?"

"ते माघात गेले, आई."

गुरुजींनी पळी खाली ठेवली. सरांच्या बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं जमिनीकडे.

"मग डोळे कोण काढणार?" आईंनी विचारलं.

"मीच." वहिनींनी मान वर केली. खोटं बोलायचं नाही असं त्या ठरवूनच आल्या असाव्यात. "ते होते तेव्हा पन मीच काढायची. त्यांचा हात कापायचा. लोकांना ते ठाव नव्हतं."

रुमालानं झाकलेल्या मूर्तीकडे आई बघत राहिल्या, लांबून, त्यांच्या त्या दारातून. मग म्हणाल्या, "मी इथे आत बसते ना, तरी दरवर्षी मला वाटायचं, हा नेमका माझ्याकडेच बघतोय. इतकी माणसं पुढ्यात, आणि हा आत बघतोय. ते डोळे तुझे व्हय?"

"व्हय, आई."

आईंनी पदराला हात पुसले आणि सुनेच्या हातातलं पेटतं निरांजन घेतलं. बाबा गेल्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदा त्या दिवाणखान्यात आल्या. मखरापाशी जाऊन त्यांनी स्वतः मूर्तीवरचा रुमाल काढला. "ये गो, आत ये. इथे उजेड कमी आहे, मी दिवा धरते."

वहिनी उंबरा ओलांडून आल्या आणि मूर्तीसमोर बसल्या. सर भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ते ती लपवतही नव्हते.

गुरुजी चुळबुळले. "आजी, मुहूर्त निघून चाललाय. मी तोवर मंत्र सुरू करू का?"

"थांबा जरा," आई निरांजन मूर्तीच्या चेहऱ्याजवळ नेत म्हणाल्या. "आधी त्याला दिसू दे."

वहिनींनी कुंचला भिजवला.